तांबी
गर्भाशयात बसवावयाचे, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे गर्भनिरोधक साधन. प्लॅस्टिकच्या लवचिक सांगाड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. ‘३८० ए’ या प्रकारात तांब्याचे पृष्ठफळ ३८० चौ. मिमी. असून ती १० वर्षे परिणामकारक राहते. भारतात १९६५ पासून वापरलेल्या लूपची जागा पुढे तांबीने घेतली.

तांब्यापासून सुटणारे आयन शुक्राणूंची हालचाल मंदावतात व त्यांना निकामी करतात. त्यामुळे मुख्यतः फलनच टळते. तांबीमुळे दरमहा गर्भपात होतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तीत हॉर्मोने नसल्यामुळे अंडमोचन चालू राहते. मात्र आरंभी रजःस्राव व वेदना वाढू शकतात. तांबी काढल्यावर गर्भधारणा पुन्हा शक्य होते. लैंगिक संसर्गांपासून तिने संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निरोध वापरावा लागतो.