सांधा कुठे सुटेल? यंत्रालाही विज्ञानाचे नियम लागतात!

"आता सगळं एआय सांगतं, मग भौतिकशास्त्राचे नियम कशाला शिकायचे?" असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर चिकटवलेल्या सांध्यांमध्ये सापडतं.

सांधा कसा सुटतो?

काचेवर चिकटपट्टी लावा. काचेला समांतर ओढली तर ती सहसा निघत नाही. कोपरा उचलून सोलली की सहज निघते. पहिल्या वेळी बल सगळ्या पृष्ठभागावर वाटलं जातं, दुसऱ्या वेळी एका बारीक रेषेवर एकवटतं.

हे सुटणं जिवावर बेतू शकतं. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवरून जाणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाच्या छताचा मोठा भाग सुमारे 24,000 फुटांवर उडून गेला आणि एका कर्मचारी महिलेचा मृत्यू झाला. पत्रे जोडणारा चिकट थर सुटला होता. भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या छिद्रांपासून भेगा वाढत गेल्या.

यंत्र कसं शिकतं?

नुसत्या मशीन लर्निंगला भरपूर नमुने लागतात. इथे तर प्रत्येक नमुना मोडून पाहावा लागतो! नमुने थोडे असले की यंत्र घोकंपट्टी करतं. मग नव्या भारासाठी ते काहीही सांगू शकतं, अगदी सुटलेला सांधा आपोआप जुळला असंसुद्धा.

2019 मध्ये राइसी, पर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांनी मांडलेल्या पद्धतीत यंत्राचं उत्तर दोनदा तपासतात. ते मोजमापांशी जुळतं का? आणि भौतिकशास्त्राची समीकरणं पाळतं का? दोन्हींकडच्या चुका मिळून कमी करत यंत्र शिकतं.

सांध्यासाठी असे नियम देता येतात:
1. बलांचा समतोल राहिला पाहिजे.
2. फट रुंदावताना धरून ठेवणारं बल आधी वाढतं, मग कमी होत शून्य होतं.
3. झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही.

अर्थात, नियमच चुकीचा दिला तर उत्तरही चुकणार. म्हणून नियम समजणारा माणूस लागतोच.

वर्गात करून पाहा

1 आणि 2 सेंमी रुंदीच्या पट्ट्या ताणकाट्याने एकाच कोनात, सावकाश सोला. बल नोंदवा. रुंदी दुप्पट झाली की बल साधारण दुप्पट होतं. आता 3 सेंमीचा अंदाज मुलांना करू द्या, मग मोजा. शेवटी विचारा, "रुंदी शून्य असेल तर?" बल शून्य! आलेखावरचा हा बिंदू मुलांना न मोजताच मिळाला. नियम माहीत असण्याचा फायदा तो हाच.