एकाचे दोन, दोनाचे सोळा कोटी

समजा, १ जानेवारीला सिडनीत एक व्हॅम्पायर येऊन दाखल झाला. त्याची भूक माफक आहे, महिन्याला एक माणूस. ज्याला तो चावतो तोही व्हॅम्पायर होतो आणि पुढच्या महिन्यापासून स्वतःची शिकार शोधू लागतो. पहिला महिना सरला की दोन, दुसरा सरला की चार, मग आठ, सोळा, बत्तीस. वर्षअखेरीस त्यांची संख्या होते ४,०९६. पन्नास लाखांवर वस्तीच्या शहरात एवढे लोक कुणाच्या डोळ्यावरही येणार नाहीत. पण चोविसावा महिना संपताना हाच आकडा १ कोटी ६७ लाखांवर पोचलेला असतो. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या होती २ कोटी ५४ लाख. म्हणजे पंचविसावा महिना पुरा व्हायच्या आत देशात चावायला माणूस उरत नाही. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतली ११ कोटी २४ लाख माणसं घेतली, तर सत्ताविसावा महिना. आणि ८०० कोटींच्या साऱ्या जगाला लागतात तेहतीस महिने. ऑस्ट्रेलिया संपवायला पंचवीस, उरलेली पृथ्वी संपवायला फक्त आणखी आठ!

ही युक्ती कॉस्टास एफ्थिमियू आणि सोहंग गांधी या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांची. त्यांनी इ. स. १६०० सालची जगाची लोकसंख्या ५३ कोटी ६८ लाख ७० हजार ९११ धरली आणि अडीच वर्षांत मानवजात संपते असं दाखवलं. आपण अजून आहोत, तेव्हा व्हॅम्पायर नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. निष्कर्ष बिनतोड आहे. मला मात्र या दुपटीच्या हिशेबात दुसरंच काही दिसतं. चाव्याच्या जागी पुस्तक ठेवा. एकीने वाचलं, मैत्रिणीला दिलं, दोघींनी आणखी दोघींना दिलं. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही व्हॅम्पायरच्या प्रेमाची कादंबरी जगभर पसरली ती अशीच.

५ ऑक्टोबर २००५ ला ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिली छपाई होती ७५ हजार प्रतींची. २ ऑगस्ट २००८ ला मालिकेचं चौथं पुस्तक ‘ब्रेकिंग डॉन’ आलं, तेव्हा पहिली छपाई होती ३७ लाखांची. मध्ये गेले चौतीस महिने आणि आकडा झाला जवळजवळ पन्नासपट. गणित मांडलं तर दर सहा महिन्यांनी दुप्पट. व्हॅम्पायरपेक्षा वाचक सावकाश चावतात, पण रीत तीच.

आणि मग तो एक दिवस. ‘ब्रेकिंग डॉन’च्या १३ लाख प्रती एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत विकल्या गेल्या. सेकंदाला पंधरा. हे वाक्य वाचायला तुम्हाला चार सेकंद लागले असतील, तर तेवढ्यात साठ प्रती गेल्या. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडमध्ये एका वेळी एक लाख माणसं मावतात. त्या एका दिवसाचे ग्राहक बसवायचे, तर ते मैदान तेरा वेळा भरावं लागेल.

आजवर या मालिकेच्या १६ कोटींच्या आसपास प्रती खपल्याचं सांगितलं जातं. इतका मोठा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून तो जमिनीवर उतरवून पाहू. पुस्तकं जाडजूड आहेत. तरी प्रत्येकाची जाडी तीनच सेंटीमीटर धरू आणि सगळी एकाच फळीवर उभी लावू. फळी होते ४,८०० किलोमीटर लांब. सिडनीहून पर्थला जाणारी ‘इंडियन पॅसिफिक’ रेल्वे ४,३५२ किलोमीटर धावते, एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत. या साऱ्या वाटेला लागून आपली फळी पोचते आणि वर साडेचारशे किलोमीटर उरते. वाटेत नलारबरचं उजाड मैदान लागतं. तिथे ४७८ किलोमीटर रूळ सरळ रेषेत आहे, एकही वळण नाही. जगातला हा सर्वांत लांब सरळ लोहमार्ग. गाडीच्या खिडकीतून तासन्‌तास तीच तांबूस माती आणि तीच खुरटी झुडपं दिसत राहतात. तेवढ्या एका टप्प्यातच १ कोटी ५९ लाख पुस्तकं बसतील.

आता वेळ मोजू. अमेरिकन आवृत्तीत चार पुस्तकांची पानं ४९८, ५६३, ६२९ आणि ७५६, बेरीज २,४४६. सरासरी एका पुस्तकाला सहाशे पानं, पानाला एक मिनिट. सोळा कोटी प्रती एकेकदाच वाचल्या गेल्या असं धरलं, तरी माणसांनी या गोष्टीत घालवलेला वेळ होतो १ लाख ८२ हजार वर्षं. कथेचा नायक एडवर्ड कलन जन्मला १९०१ साली, १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झाला, आणि नायिका बेलाला भेटतो तेव्हा त्याच्या जन्माला शंभरावर वर्षं झालेली असतात. त्याच्यासारखे साडेसतराशे एडवर्ड एकापुढे एक उभे केले, तर त्यांची वयं मिळून तेवढी वर्षं भरतील.

विकलेल्या प्रतींवरून वाचनाचा अंदाज कमीच लागतो, हे कळायला ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही ऑप शॉपमध्ये जावं. दान म्हणून आलेल्या वस्तू विकणाऱ्या या दुकानांत पुस्तकांच्या मांडणीवर ते काळं मुखपृष्ठ हमखास सापडतं: दोन फिकट हात आणि ओंजळीत लालबुंद सफरचंद. प्रत हातात घ्या आणि तिचा कणा बघा. काळ्या रंगावर उभ्या पांढऱ्या रेघा पडलेल्या असतात, इतक्या वेळा ती उघडून उलटी ठेवलेली असते. कोपरे दुमडून मऊ झालेले. लोक टाकाऊ म्हणतात, पण टाकाऊ पुस्तक असं झिजत नाही. खपाच्या यादीत ती एक प्रत आहे. प्रत्यक्षात ती किती जणींच्या उशाशी राहून आली असेल!

पडद्यावरचे आकडे तर माहीतच आहेत, म्हणून थोडक्यात. पहिला चित्रपट २००८ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलरमध्ये तयार झाला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत त्याने सुमारे ७ कोटी मिळवले. स्त्री दिग्दर्शकाच्या चित्रपटाची तोवरची ती सर्वांत मोठी सुरुवात, आणि ती कॅथरीन हार्डविक यांच्या नावावर आहे. दुसऱ्या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी ७ कोटी २७ लाख डॉलर कमावले, म्हणजे निर्मितीचा सगळा खर्च एका दिवसात फिटून वर शिल्लक. पाच चित्रपटांची जगभरची कमाई ३३० कोटी डॉलरच्या घरात गेली. तिसऱ्यात रायली हा तरुण व्हॅम्पायर साकारला अॅडलेडमध्ये वाढलेल्या झेवियर सॅम्युअलने. रायली सिएटलमध्ये नव्या व्हॅम्पायरांची फौज उभी करतो. फौज किती? जेमतेम वीस. तेवढ्यानेच शहर हादरतं आणि व्हॅम्पायरांचे राजे धावून येतात. मेयर यांना दुपटीचं भय पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या जगात दुपटीला कायद्याचा धाक आहे, आणि कलन कुटुंबाला स्वतःच्या संयमाचा: ते माणसाला शिवत नाहीत, जनावरांच्या रक्तावर राहतात.

या मालिकेची सर्वांत मोठी दुप्पट मात्र पुस्तकाच्या बाहेर झाली, आणि तिची एक महत्त्वाची पायरी ऑस्ट्रेलियात आहे. आवडत्या पात्रांवर वाचकांनी स्वतः लिहिलेल्या कथांना फॅन फिक्शन म्हणतात. एकट्या ‘फॅनफिक्शन डॉट नेट’वर ‘ट्वायलाइट’च्या अशा कथा दोन लाखांहून जास्त आहेत. रोज एक वाचायची ठरवली तर साडेपाचशे वर्षं लागतील. त्यांतली एक कथा लंडनच्या एका बाईंनी लिहिली होती. एडवर्ड तिथे अब्जाधीश उद्योगपती होता, बेला विद्यार्थिनी. पुढे पात्रांची नावं बदलली आणि मे २०११ मध्ये ती ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ म्हणून प्रसिद्ध झाली. प्रकाशक कोण? ‘द रायटर्स कॉफी शॉप’ नावाची ऑस्ट्रेलियातली इवलीशी संस्था. फॅन फिक्शनच्या वेडातूनच जन्मलेली, ई-बुक काढणारी आणि मागणी येईल तशी प्रत छापून देणारी. गोदाम नाही, जाहिरातीला पैसा नाही. तरी २०१२ च्या मार्चपर्यंत त्रयीच्या अडीच लाख प्रती गेल्या. मग न्यूयॉर्कच्या रँडम हाउस या बड्या प्रकाशनसंस्थेने हक्क घेतले, आणि २०१४ च्या सुरुवातीला आकडा दहा कोटींवर पोचला. अडीच लाखांचे दहा कोटी, दोन वर्षांत चारशेपट! २०१२ च्या नाताळात रँडम हाउसने अमेरिकेतल्या आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पाच हजार डॉलर बोनस दिला. गोदामात खोकी उचलणाऱ्यालाही तेवढाच, संपादकालाही तेवढाच. त्या इवल्या ऑस्ट्रेलियन संस्थेच्या भागीदारांमधला वाद टेक्ससच्या न्यायालयात गेला, तेव्हा ज्युरीने २०१५ मध्ये ठरवलेली एका भागीदाराच्या वाट्याची रक्कमच एक कोटी डॉलरहून अधिक होती.

आणि प्रेमकथांचा असा खप ऑस्ट्रेलियाला नवा नव्हता. फ्रँक आणि वेंडी ब्रेनन या तिथल्या जोडप्याने १९८३ पासून एमा डार्सी या नावाने प्रेमकथा लिहिल्या, आणि २००१ पर्यंत त्या नावाच्या पुस्तकांच्या सहा कोटी प्रती जगभर खपल्या. त्या साली देशाची लोकसंख्या दोन कोटींच्याही आत होती. दर माणसामागे तीन प्रती. तरी ऑस्ट्रेलियन साहित्याची चर्चा निघते तेव्हा हे नाव किती जण घेतात?

मला म्हणायचंय ते इथे आहे. सोळा कोटी प्रतींचं पुस्तक लोक अजूनही चोरून आवडल्यासारखं आवडून घेतात. ‘माहितीये, फालतू आहे, पण…’ अशी सुरुवात केल्याशिवाय त्याचं नाव निघत नाही. मेलबर्नच्या मैदानात लाखभर माणसं घसा फाटेस्तोवर ओरडतात, परक्या माणसाच्या बाद होण्यावरून रडतात, आणि कुणी म्हणत नाही की याची लाज वाटू द्या. त्या मैदानात, प्रतीमागे एक धरून, ‘ट्वायलाइट’ मालिकेच्या सोळा कोटी प्रतींचे वाचक बसवायचे, तर ते सोळाशे वेळा भरेल, रोज एकदा भरलं तरी सव्वाचार वर्षांवर चालेल. इतकी माणसं एका गोष्टीवर प्रेम करतात आणि सगळी एकेकटी, दाराला कडी लावून. फरक एवढाच की यांतल्या बहुतेक मुली आणि बायका आहेत, आणि गोष्ट प्रेमाची आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला जे आवडतं ते हसण्यावारी न्यायचं, हा नियम कुणी लिहिला नाही, पण सगळे पाळतात.

आपल्याकडे हे चांगलं ठाऊक आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पाठ्यपुस्तकात दडवून वाचल्या गेल्या. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ मध्ये ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवलं. न्यायालयातून गोष्ट सुटली. वाचकाच्या मनातून अपराध मात्र सुटला नाही.

मी ‘ट्वायलाइट’ पुन्हा पुन्हा वाचते, आणि तिचे दोषही मला दिसतात. वाक्यं पसरट आहेत. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत न विचारता येऊन बसतो, तिच्या वतीने निर्णय घेतो. यावर मुलींशी मोकळेपणाने बोललंच पाहिजे. पण बोलायचं तर पुस्तक उघड्यावर हवं. उशीखाली दडवलेल्या पुस्तकाबद्दल कुठलीही मुलगी आईला काही विचारत नाही. आणि त्या दोषांपलीकडे एक खरी गोष्ट मेयर यांना सापडली आहे: नको म्हणावं लागेल इतकी ओढ, आणि ती ओढ असतानाही समोरच्याला इजा न करण्याचा रोजचा, पानोपानी नव्याने करावा लागणारा निश्चय. मिटवून टाकण्याची ताकद असलेला कुणी आपल्याजवळ सांभाळून बसलाय, याचं सुख सोळाव्या वर्षी कळतं आणि चाळिशीतही ओळखू येतं. २०२१ मध्ये चित्रपट अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आले आणि तेरा वर्षांपूर्वीचा पहिला भाग पुन्हा पहिल्या दहांत जाऊन बसला. पहिल्या वेळी वाचणाऱ्या मुली आता आया झाल्या आहेत, आणि त्या दुसऱ्यांदा तिथेच परतल्या.

म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं, काय वाचतेस, तर नाव सांगा आणि थांबा. ‘पण’ जोडू नका. समोरचीनेही वाचलेलं असण्याची शक्यता किती आहे, ते आकडे तुमच्यापुढे आहेत. तिला विचारा, तुझं आवडतं पान कोणतं?