हेडर मारून मारून मेंदू गेला. जेफ ॲस्टल प्रकरण नेमकं काय आहे?

फुटबॉलमध्ये हेडर धोकादायक असतो का, ही चर्चा इंग्लंडमध्ये निघाली की जेफ ॲस्टल हे नाव येतंच. १९६४ ते १९७४ या काळात वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लबसाठी त्यांनी १७४ गोल केले. हवेतला चेंडू डोक्याने जाळ्यात घालण्यात त्यांचा हात, म्हणजे डोकं, धरणारा विरळाच! गंमत अशी, की १९६८च्या एफए कप फायनलमध्ये एव्हर्टनविरुद्ध जादा वेळेत त्यांनी केलेला विजयी गोल मात्र डाव्या पायाचा होता. चाहते त्यांना 'किंग' म्हणायचे. इंग्लंडकडून ते पाच सामने खेळले. १९७०च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलविरुद्ध सोपी संधी हुकली, ती टोचणी कायम राहिली.

तेव्हा फुटबॉलमध्ये आजच्यासारखा पैसा नव्हता. निवृत्तीनंतर ॲस्टल यांनी खिडक्या साफ करण्याचा धंदा केला.

पुढे स्मृती जायला लागली. १९ जानेवारी २००२ रोजी ते गेले, वय फक्त ५९. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने त्याच वर्षी निकाल दिला, की हा कामातून जडलेला आजार आहे. खाणीतल्या मजुराची फुप्फुसं धुळीने जातात, तसाच फुटबॉलपटूचा मेंदू हेडरने गेला, असा त्याचा सरळ अर्थ. २०१४ मध्ये डॉ. विली स्ट्युअर्ट यांनी त्यांचा मेंदू पुन्हा तपासला. सीटीई निघाला, म्हणजे बॉक्सरमध्ये दिसणारा आजार. याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं, ही यातली मोठी अडचण.

'तेव्हाचा चामड्याचा बॉल जड होता, आता काय भीती?' असं पुष्कळ जण म्हणतात. हे अर्धंच खरं. कोरडा असताना त्याचं वजन आजच्याइतकंच, ४१० ते ४५० ग्रॅमच्या आसपास असायचं. पावसात तो पाणी पिऊन जड व्हायचा. आजचा बॉल पाणी पीत नाही, पण वेगाने येतो. धक्का बसतोच. आणि मॅचपेक्षा सरावातच हेडर जास्त मारले जातात, हे लक्षात घ्या.

स्ट्युअर्ट यांच्याच पथकाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास मांडला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीनपट होतं. नंतर कळलं, की सर्वाधिक धोका बचावपटूंना. गोलकीपरांमध्ये मात्र वाढ दिसली नाही. एकटा हेडरच कारण, हे यातून सिद्ध होत नाही. पण बोट तिकडेच जातं.

ॲस्टल यांची मुलगी डॉन हिने हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. निकालानंतर फुटबॉल संघटनेला जाग यायला जवळपास १८ वर्षं गेली. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ११ वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडर शिकवू नका, अशी सूचना निघाली. गोव्यात, बेळगावात ज्यांची पोरं कोचिंगला जातात त्यांनी ही वयाची अट कोचच्या कानावर घालायला हरकत नाही. २०२१ पासून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जोराचे जास्तीत जास्त दहाच हेडर, असं सांगितलं गेलंय.