मशीन ओढेल का? मिक्सिंगच्या खोलीतली वीस वर्षं

व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की मिक्सिंगच्या खोलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मशीन ओढेल का?’ नव्या व्हर्जनमध्ये काय आलंय, हे त्यानंतर. लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग आणि प्रचाराच्या फिल्म यांवर चालणाऱ्या छोट्या स्टुडिओंना गेली वीस वर्षं हा प्रश्न पुन्हापुन्हा सोडवावा लागला. कुणी वेळेवर बदललं, कुणी उगाच बदललं, कुणी जुन्यावरच निभावलं. आज हिशोब मांडला तर जुनं सॉफ्टवेअर बाद करण्यात त्याच्या कंपनीपेक्षा कॅमेऱ्याचा हात मोठा होता, असं दिसतं.

२००५च्या आसपास सगळं सुरळीत चाललं होतं. पॅनासोनिकचा एमडी १०००० किंवा सोनीचा पीडी १७० कॅमेरा, त्यात तासाभराची मिनी डीव्ही टेप आणि टेबलाखाली विंडोज एक्सपीवर चालणारी पेंटियम ४. फायरवायरची केबल जोडायची आणि टेप कॅप्चरला लावायची. तासाच्या टेपला तासच लागे आणि हार्ड डिस्कवरचे सुमारे १३ जीबी जात. डिस्क जुन्या फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर आणखी एक कटकट होती. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे वीसेक मिनिटांत ती भरे. मंगलाष्टकांचा अर्धा भाग एका फाइलीत आणि उरलेला दुसरीत, असा प्रकार व्हायचा. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली की प्रश्न सुटे. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नसे.

डीव्हीचा मोठा गुण म्हणजे त्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते. टाइमलाइनवर कुठेही बोट ठेवा, संगणकाला फक्त तेवढीच फ्रेम उलगडावी लागते. त्यामुळे प्रीमिअर असो की कॅनोपसचं एडियस, साध्या मशीनवरही ते धावत असे. नव्या व्हर्जनमध्ये मिळायची ती प्रामुख्याने नवी ट्रान्झिशन्स आणि टायटलं. त्या काळात अपग्रेड टाळणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही.

बिघडलं ते टेप गेल्यावर. २००६ मध्ये एव्हीसीएचडी हा फॉरमॅट आला. २००८ मध्ये कॅननच्या ५डी मार्क टूने फोटोच्या कॅमेऱ्यातून फुल एचडी व्हिडिओ देऊन लग्नाच्या शूटिंगचा चेहराच बदलला. कार्डावरून फाइल मिनिटांत कॉपी होऊ लागली, पण टाइमलाइनवर टाकली की अडकायची. कारण या फाइली ज्या एच.२६४ पद्धतीत साठवल्या जात, तीत मोजक्याच फ्रेम पूर्ण असतात. बाकीच्यांत आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा वेगळं काय आहे, एवढंच लिहिलेलं असतं. मधली एक फ्रेम दाखवायला संगणकाला तिच्या आसपासच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. आकाराने डीव्हीपेक्षा फार मोठी नसलेली फाइल प्रोसेसरचा घाम काढायची ती यामुळे.

यावरचा देशी तोडगा म्हणजे रात्री कन्व्हर्ट लावून घरी जाणं. एडियसवाले कॅनोपस एचक्यूमध्ये आणि मॅकवाले प्रोरेसमध्ये फुटेज बदलून घेत. फाइल कित्येक पटींनी फुगे, पण जुनी मशीन पुन्हा धावू लागे. नव्या मशीनच्या किमतीपुढे एक जादा हार्ड डिस्क स्वस्त पडे. या साध्या उपायावर अनेकांनी चार-पाच वर्षं सहज काढली.

त्यानंतरचा बदल मात्र टाळण्यासारखा नव्हता. ३२ बिट प्रोग्रॅमला ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरता येत नाही, आणि एचडी फुटेजला तेवढी पुरेना. एप्रिल २०१०मध्ये प्रीमिअर सीएस५ फक्त ६४ बिटमध्ये आलं, २०१३ मध्ये एडियस ७ त्याच वाटेने गेलं. सॉफ्टवेअर घ्यायचं तर ६४ बिट विंडोज हवी, तिच्यावर जुन्या कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर चालेल याची खात्री नाही, जुने प्लगइन तर नाहीतच. एक व्हर्जन बदलायला निघालेल्या माणसाला अख्खी मशीन बदलावी लागे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसा प्रकार.

याच सुमारास ॲपलने जे केलं, ते एडिटर मंडळी अजून विसरलेली नाहीत. फायनल कट प्रोवर एडिट झालेल्या ‘द सोशल नेटवर्क’ला फेब्रुवारी २०११ मध्ये संकलनाचं ऑस्कर मिळालं. चार महिन्यांत, २१ जून रोजी, फायनल कट प्रो एक्स बाजारात आलं. त्यात जुन्या फायनल कट ७चे प्रोजेक्ट उघडत नव्हते आणि मल्टिकॅम एडिटिंगही नव्हतं. मल्टिकॅम जानेवारी २०१२ मध्ये आलं, पण तोवर अनेकांनी प्रीमिअर किंवा ॲव्हिडची वाट धरली होती. काही जण सातवरच थांबले. बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’चं संकलन फायनल कट ७वरच झालं. फेब्रुवारी २०२०मध्ये या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर जिंकलं, संकलनासाठी त्याला नामांकनही होतं. ॲपलने २०११मध्येच बंद केलेलं सॉफ्टवेअर त्याच्या संकलकाला पुरलं.

२०१३ मध्ये प्रीमिअर बनवणाऱ्या अडोबीने सीएस६नंतर कायमचा परवाना नाही, यापुढे वर्गणी, असं जाहीर केलं. लग्नाचा सीझन चार-पाच महिन्यांचा आणि वर्गणी बारा महिन्यांची, हे गणित छोट्या स्टुडिओला परवडेना. कुणी सीएस६वरच राहिलं, कुणी एडियस धरून ठेवलं. अनेकांकडे क्रॅक केलेली कॉपी होती, हेही लपवण्यात अर्थ नाही. ती फुकट पडली असेल. पण तिच्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवायचा आणि त्याच मशीनवर लोकांच्या लग्नाचं एकमेव फुटेज ठेवायचं, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हता. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळू लागल्यावर परवडत नसल्याची सबबही उरली नाही. अर्थात रिझॉल्व्हला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं; जुन्या मशीनवर ते नुसतं सुरू व्हायलाही वेळ घेतं.

शेवटचा धक्का ऑपरेटिंग सिस्टीमने दिला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. २०१७ च्या मॅकओएस हाय सिएरावर फायनल कट ७ उघडेना. २०१९ च्या कॅटालिनाने सगळ्याच ३२ बिट प्रोग्रॅमना दार बंद केलं. विंडोज १०ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि २०१७च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत. दरम्यान फोनमधून एच.२६४पेक्षाही जास्त आवळलेलं एचईव्हीसी फुटेज येऊ लागलं. ते प्रोसेसरमध्येच उलगडण्याची सोय इंटेलने २०१५ पासून दिली. त्याआधीच्या मशीनवर ते फुटेज रडतखडतच चालतं.

या सगळ्यात एक नुकसान फारसं मोजलं गेलं नाही. प्रोजेक्टची फाइल सहसा जुन्यातून नव्यात जाते, नव्यातून जुन्यात परत येत नाही. तीन वर्षांनी गिऱ्हाईक येतं, ‘आजोबा गेले, त्यांचे सीन वेगळे काढून द्या’ म्हणतं. प्रोजेक्ट उघडावा तर जुना प्लगइन नाही, फॉन्ट नाही, आणि फुटेजची डिस्क हलवलेली असल्यामुळे प्रीमिअरच्या पडद्यावर लाल पाटी: ‘मीडिया ऑफलाइन’. अशा वेळी कपाटात ठेवलेली, इंटरनेटपासून तोडलेली जुनी मशीनच कामी येते.

तेव्हा आज कुणी अपग्रेड करू का म्हणून विचारलं, तर वीस वर्षांचा निकाल सरळ आहे. तुमच्याकडे येणारं फुटेज जुन्या मशीनवर चालत असेल, किंवा प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी नक्कल, बनवून चालवता येत असेल, तर सॉफ्टवेअर बदलू नका. आधी एसएसडी आणि रॅम वाढवा, त्यात बराच फरक पडतो. नवं फुटेज उघडतच नसेल किंवा विंडोजला सुरक्षा अपडेट मिळत नसतील, तर मशीनसकट बदला. जुन्या मशीनवर नवं व्हर्जन चढवण्याचा मधला मार्ग सगळ्यात महाग पडतो. बदलायचं तर सीझन संपल्यावर, हातातली कामं पोहोचती करून. आणि जुनी मशीन भंगारात देण्याआधी प्रत्येक कामाची पूर्ण, उत्तम दर्जाची फाइल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.