जुलाबातही आतडं पाणी शोषतं
जुलाबात पाजलेलं पाणी तसंच बाहेर पडतं, हा समज चुकीचा आहे. लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहक प्रथिनातून जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी येतं. पटकीच्या विषाने आतड्यात पाणी भसाभस स्रवतं, पण हा वाहक शाबूत राहतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पाजलं, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे खरं. पण जीव जातो तो पाणी आणि क्षार गेल्याने. साखर जास्त पडली तर मात्र पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. म्हणून लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला आणि पहिल्या जुलाबापासूनच पाजा.