माहेरचं घर विकताना

रविवारच्या वर्तमानपत्रात एखादी छोटी जाहिरात दिसते : ‘शांत, झाडीच्या भागात प्रशस्त बंगला विकणे आहे.’ वाचणारा किंमत विचारतो. पण त्या ओळीमागे कुणाचं तरी माहेर असतं, हे त्या घरातल्या मुलीलाच ठाऊक!

पुण्यात प्रभात रोडच्या गल्ल्यांमध्ये असे कितीतरी बंगले होते. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्यावरून या रस्त्याला नाव पडलं. आमचं घर तिथलंच. पुढे ओसरी, मागे न्हाणीघर, दारात बकुळ. आम्हा तिन्ही भावंडांची लग्नं त्याच अंगणात झाली. अण्णा गेले, दोघे भाऊ परगावी, आणि सात खोल्यांत आई एकटी. जिना चढवत नाही, रात्री कडी वाजली की धस्स होतं. घर विकायचं ठरलं, ते काही चुकीचं नव्हतं.

दादा कागद घेऊन आला. म्हणाला, “ताई, तू तेवढी इथे सही कर. नुसती रीत आहे गं.” वर लिहिलं होतं ‘हक्कसोडपत्र’. मी पेन हातात घेतलंही होतं! भावाशी वाईटपणा कोण घेणार? उद्या माहेरपणाला जायचं कुणाकडे? तेवढ्यात आई हळूच म्हणाली, “घर विकल्यावर मी कुठं राहायचं, ते कुणी सांगाल का?” आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. भाव किती येईल याचा हिशेब चारदा झाला होता. हा प्रश्न मात्र एकदाही निघाला नव्हता.

मी पेन ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. तिथे जे कळलं, ते प्रत्येकीला माहीत हवं.

घर वडिलांनी स्वतःच्या कमाईचं बांधलेलं असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. आजी हयात असेल तर तिलाही. आमच्याकडे आई, दोन भाऊ आणि मी, म्हणजे प्रत्येकी चार आणे. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा जात नाही. मृत्युपत्र असेल तर मात्र त्याप्रमाणे. वडिलोपार्जित मिळकतीतही ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. भाऊ वाटणी करेपर्यंत राहत्या घरात बहिणीने वाटणी मागायची नाही, ही जुनी अटही २००५ सालीच गेली.

हक्कसोडपत्र म्हणजे रीत नव्हे, बरं का! ते नोंदवलं की आपला हिस्सा गेला. मागाहून ‘मला कळलं नव्हतं’ म्हणून परत मिळवणं फार अवघड. सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण कुणाच्या नावे सोडतो ते वाचा. तो भावांच्याच नावे सोडला पाहिजे असं थोडंच आहे? आई हिस्सेदार असेल तर तिच्याही नावे सोडता येतो.

घर विकायला काढण्याआधी खरेदीखत, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला एका फायलीत लावा. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत ना, ते पाहा. आईचंही! पैसे ज्याचे त्याच्या बँकखात्यात जावेत. आणि विक्रीच्या नफ्यावरचा कर, तो वाचवायला दुसरं घर किती मुदतीत घ्यावं लागतं, हे करसल्लागाराला सौद्याच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

आम्ही काय केलं? मी माझा हिस्सा आईच्या नावे सोडला. सही आनंदाने केली, पण वाचून. त्या आठ आण्यांत दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेतली, आईच्या एकटीच्या नावावर. तिची भाजीवाली तीच, देऊळ तेच. दादा आधी चार दिवस घुश्शात होता. भाऊबीजेला मात्र तिथेच आला, आणि वहिनीच म्हणाली, “ताई, बरं झालं तुम्ही विचारलंत. आमच्या आईचाही प्रश्न उद्या येणारच आहे.”

तेव्हा मैत्रिणींनो, माहेरचं घर विकताना डोळ्यांत पाणी येणारच. ते पुसा, चष्मा लावा, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. आणि सगळ्यात आधी विचारा, आई कुठे राहणार?