गाणारा चुकला, तर कीबोर्ड थांबेल का?

बालमित्रांनो, गणपती जवळ आले की लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, साऱ्या मावळात मांडवातल्या कार्यक्रमांची लगबग सुरू होते. मग कुणीतरी विचारतंच, "अरे, कॅसिओ कोण वाजवणार?" गंमत पाहा, पहिला 'कॅसिओटोन' १९८० साली बाजारात आला आणि आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणायची सवय लागली!

त्यातलाच एक प्रकार म्हणजे 'अरेंजर' कीबोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ड्रम, बेस, गिटार असा अख्खा वाद्यवृंद आपोआप साथ देतो. उजव्या हाताने आपण गाण्याचे सूर वाजवायचे. आहे की नाही मजा?

पण थांबा, एक गोम आहे. तबलजी गाणाऱ्याकडे बघून वाजवतो. यंत्र बघत नाही! धाकट्या बहिणीने अंतरा उशिरा उचलला, तरी ताल आपला पुढे पळतो. बिचारी रडवेली होते. म्हणून आईबाबांबरोबर पुण्याला कीबोर्ड घ्यायला जाल, तेव्हा 'आवाज किती?' यापेक्षा 'हा माझ्या हातात किती राहतो?' हे आधी तपासा.

कसं? दुकानातच आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा लावून बघा. आपले ठेके हवे असतील, तर यामाहाचा 'पीएसआर-आय ५००' किंवा कॅसिओचा 'सीटी-एक्स ८७० आयएन' अशी खास भारतीय मॉडेलं निघालेली आहेत. 'फिल-इन' आणि 'एंडिंग'ची बटणं न बघता सापडतात का? 'सिंक स्टॉप' आहे का? ते चालू असलं की डावा हात उचलताच ताल थांबतो आणि पुन्हा कॉर्ड दाबली की सुरू होतो. चुकलेल्या गायकाला सावरून घ्यायला याहून चांगला मित्र नाही!

गायिका म्हणाली, "माझी काळी दोन," तरी घाबरू नका. पांढरी एकमध्ये बसवलेलं गाणं तसंच वाजवा, फक्त 'ट्रान्सपोज' तीनने वाढवा.

आता स्टेज. कीबोर्डची वायर मिक्सरच्या माइकच्या नव्हे, 'लाइन'च्या जागी लावायला सांगा आणि लावण्याआधी आवाज शून्यावर आणा. बऱ्याच कीबोर्डांत हेडफोनच्या भोकात पिन घातली की त्याचे स्वतःचे स्पीकर बंद पडतात. मग आपलंच वाजवणं आपल्याला ऐकू येत नाही! म्हणून जवळ एक मॉनिटर स्पीकर मागून घ्या. अॅडॅप्टर कीबोर्डबरोबर आलेलाच वापरा. लोणावळ्याच्या पावसात मांडव गळतो, लाइट जातात. तेव्हा वर प्लॅस्टिक तयार ठेवा आणि कीबोर्डात सेल बसत असतील तर तेही घालून ठेवा.

आणि हो, तालमीत एकदा मुद्दाम चुकायला सांगा. गाणारा चुकला तर कीबोर्ड आपणहून थांबणार नाही, पण तुम्ही त्याला थांबवू शकता. साथ म्हणतात ती यालाच, बरं का!